‘लाइटबिल जुनी’ नावाचा फोल्डर

आमच्या घरातला कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे आणि तो कुणा एकाचा नाही. बायको त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका करते, मुलगी परीक्षेचे फॉर्म भरते, आणि इकडे गुजरातेत, छाणीच्या आमच्या सोसायटीत प्रिंटर फक्त आमच्याकडे असल्यामुळे शेजारीही हक्काने येऊन बसतात. पासवर्ड कधी नव्हताच. बाबा म्हणायचे, घरात चोर कोण आहे?

मी त्यावर लिहायचो. बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं सगळं मीच करतो. अंघोळ, लघवीचं भांडं, कपडे, भरवणं. त्या कामात जो राग साठतो तो मी कुणाला सांगू शकत नाही. पोटच्या मुलाला तो येऊच नये असं मला मनापासून वाटतं, आणि तरी येतो. फोल्डरला नाव दिलं होतं ‘लाइटबिल जुनी’. इतक्या कंटाळवाण्या नावाच्या वाटेला कोण जाणार?

समोरचे गुजराती काका त्या वाटेला गेले. त्यांचं बिल ऑनलाइन मीच भरतो; त्यांना जुन्या बिलाची प्रत हवी होती. मी स्वयंपाकघरात बाबांचा वरणभात कालवत होतो. म्हटलं, बघा तिथेच असेल.

काकांना मराठी वाचायची हौस. आले की आमचा पेपर मोठ्याने वाचतात आणि बाबा खुर्चीतून त्यांचे उच्चार सुधारतात. त्या दिवशी बिलाऐवजी मराठी मजकूर उघडला, तर त्यांनी त्याच हौसेने सुरुवात केली.

“आज... बाबांना... अंघोळ घालताना...”

“वाक्य तोडू नका,” बाबा म्हणाले. “सलग वाचा.”

“आज बाबांना अंघोळ घालताना मनात आलं, यांना असंच ओलं सोडून निघून जावं.” काका थांबले. “आ तो बिल नथी, भाई.”

मी ताटली घेऊन दारात उभा होतो. काका बिल न घेताच गेले. बाबांनी माझ्या हातून सगळा वरणभात खाल्ला, आणि ते मला फार लागलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, “पुसून टाका ते.”

“नाही.”

“त्यांनी ऐकलंय. आता लपवायचं काय राहिलं?”

“उरलेलं राहिलंय.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणून तर कुलूप लावतोय.”

तिथेच हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, मी माझं वेगळं खातं केलं आणि पासवर्ड टाकला. बाबा बघत होते. मी त्यांना आजवर एकदाही ओलं सोडलेलं नाही. हातांनी जे करतो ते साऱ्या सोसायटीला दिसतं. मनात येतं ते तरी माझं असू द्या. चांगल्या मुलाच्या मनात असलं काही येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठवडाभर आमच्याकडे राहून बघावं. मला अपराधी वाटतं, रोज वाटतं. पण त्यापायी मी ते कुलूप काढणार नाही.

पुढे एकदा अंघोळीनंतर पाठ पुसत होतो तेव्हा बाबा म्हणाले, “ते तू केलंस, ते दुसऱ्याला उघडता येत नाही?”

“नाही.”

“मलाही एक करून दे.”

“तुम्हाला कशाला, बाबा?”

“हे तू विचारतोस?”

मी त्यांची खुर्ची कॉम्प्युटरपाशी नेली, मराठी टायपिंग लावून दिलं. पासवर्डची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “तिकडे बघ.” मी गॅलरीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे एकेक बटण सावकाश वाजत होतं.

“विसरलात तर पंचाईत होईल.”

“होऊ दे.”

आता दुपारी ते एका बोटाने लिहीत बसतात. मी जवळून गेलो की हात थांबतो. माझ्याबद्दलच असणार. पाणी गार होतं, टॉवेल ओढला, तोंड वाकडं केलं, असंच काही. सगळं खरंच असेल. मी बघणार नाही आणि कुणाला बघूही देणार नाही.

परवा काका पेपर वाचायला आले. बाबांनी आधी स्क्रीन बंद केला.

“एवढं शुं लिहिता, दादा?”

“जुनी बिलं,” बाबा म्हणाले.