माउंट की हात

नेमबाजीच्या क्लबातल्या आपल्या दुकानात कार्तिकेयनं तिसरा माउंट काचेच्या कपाटावर ठेवला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. आधीचे दोन जयंतीनं बाजूला सारून झाले होते.

"हा बाहेरून मागवलाय, मेडम," तो तमिळमध्ये म्हणाला. "यातही खोट काढलीत तर मी दुकान बंद करतो आणि पार्थसारथीच्या देवळापुढे तुळस विकायला बसतो."

जयंतीनं पर्स उघडली. कुंकवाची डबी, बसचा पास, आणि त्या दोघांच्या मध्ये फीलर गेज, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. कारखान्यात दोन भागांमधली केसाएवढी फट मोजायला तो वापरतात. तिनं सगळ्यांत पातळ पातं निवडलं, माउंटच्या कडीखाली सरकवलं आणि डोळे बारीक केले.

"जातंय आत."

स्टुलावर बसलेला मंदार पुढे वाकला. "अक्का, ते पातं माझ्या दातांच्या फटीतही जातं."

"तुझ्या दातांवर मी स्कोप बसवत नाही."

"मग कशावर बसवणार? तिसरा रविवार आहे हा. तुम्हाला माउंट घ्यायचाय की नापास करायचाय?"

"मज पटलाच नाही तर घेऊं कसा?" ती आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली.

कार्तिकेयला मराठी येत नव्हती, पण एवढं कळलं. त्यानं तिन्ही माउंट डब्यांत परत भरले.

माउंट म्हणजे रायफल आणि तिच्यावरची नेमाची दुर्बीण, स्कोप, यांना जोडणारी बैठक. वर स्कोपची नळी धरणाऱ्या दोन कड्या, खाली रायफलीच्या पाठीवरच्या रेलला पकडणारा चिमटा. जयंतीची रायफल छर्‍यांची, स्प्रिंगवर चालणारी. घोडा ओढला की ती आधी मागे आणि लगेच पुढे हिसका देते. त्या दुहेरी हिसक्यात हलका माउंट सरकत जातो, आणि तो केसभर सरकला की पंचवीस मीटरवरच्या कागदावर छर्रा बोटभर भलतीकडे लागतो. गेला महिनाभर जयंतीचे छर्रे भलतीकडेच लागत होते. अंबत्तूरच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या त्या लहानशा क्लबात जो तो तिला सांगत होता, मेडम, माउंट बदला. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. उभं राहून मारायच्या प्रकारात तिचं नाव पक्कं करायला क्लब चालवणारा कार्तिकेय तेवढ्याचसाठी थांबला होता.

खरं तर कुठला माउंट घ्यावा हे जयंतीला पहिल्याच रविवारी कळलं होतं. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. चांगलं काम तिला लांबून ओळखू यायचं. पहिला माउंट एकाच ठोकळ्यातून कापलेला होता. दोन्ही कड्या एका रेषेत, प्रत्येक कडीला चार स्क्रू, आणि पोटाखाली रायफलीच्या भोकात अडकणारी पिन, म्हणजे कितीही हिसके बसले तरी सरकायला वाव नाही. तोच तिनं सर्वांत आधी बाजूला सारला होता.

कारण त्या माउंटवर बोट ठेवता येणार नव्हतं. तो लावूनही छर्रे भलतीकडे गेले, तर दोष द्यायला हातच उरणार होता.

तिचे वडील, रामस्वामी, पोस्टात कारकून होते. त्यांचं अक्षर लहान होत गेलं तेव्हा घरात सगळे हसले होते, अप्पा शाई वाचवायला लागले म्हणून. मग बँकेनं सही परत पाठवली. मग चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रसम मांडीवर सांडायला लागलं. कंपवात, असं डॉक्टर म्हणाले तोवर अप्पा तिरुवल्लिकेणीच्या घराच्या ओट्यावर बसले की येणारेजाणारे त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघू लागले होते.

म्हणून कारखान्याच्या महिला दिनाला कुणीतरी तिच्या हातात रायफल दिली आणि पाचही छर्रे एकमेकांना चिकटून लागले, तेव्हा ती तो कागद घरी घेऊन गेली होती. तिथे क्लबाचा स्टॉल लावलेल्या कार्तिकेयनं विचारलं होतं, "मेडम, हा हात आहे की भिंत?" चाळिशी ओलांडलेल्या बाईला त्यानंतर दर रविवारी क्लबात यायला दुसरं काही कारण लागलं नाही. हात स्थिर आहे, हे तिथे दर आठवड्याला कागदावर लिहून मिळत होतं.

आणि मग एका संध्याकाळी बसमध्ये तिनं आपला डावा हात पाहिला. तो मांडीवर पालथा पडला होता आणि अंगठा हलत होता. तिनं हलवला नव्हता. आत कुणी दुसराच बसून जपमाळ ओढत असावा तसा, सावकाश, एका लयीत. तिनं त्यावर ओढणी टाकली. शेजारची बाई खिडकीबाहेर बघत होती. ओढणीखाली तो हलतच राहिला.

घरी तिनं सांगितलं नाही. क्लबात कुणी "माउंट" म्हणालं, तेव्हा तिनं तो शब्द घट्ट धरला.

मंदार तिच्याच कारखान्यात होता. तळेगावहून आलेला, तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिची तंजावरी मराठी ऐकून पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "अक्का, तुम्ही बोललात की वाटतं, बखरीतून कुणीतरी उठून जेवायला आलंय." ती म्हणाली होती, "आणि तुझी ऐकून वाटतें, टीव्ही चालूच राहिला." तेव्हापासून दोघं चहा एकत्र प्यायचे.

सोमवारी चहाच्या वेळेला तो मध्येच म्हणाला, "अक्का, दिवसभर तुम्ही बोल्टांवर पिवळ्या रेघा मारता."

घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर तिथे पिवळ्या रंगाची रेघ ओढतात, बोल्टच्या डोक्यावरून थेट खालच्या भागावर. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते.

"मग?"

"तुमच्या रायफलीवर रेघ का नाही? माउंटवरून रेलवर एक ओढायची. सरकला तर लगेच कळेल. एवढं डोकं मला चालतं, तर तुम्हाला नाही सुचलं?"

"विसरलें."

"तुम्ही? माझ्या डब्याचं झाकण घट्ट आहे का, हेसुद्धा तपासता तुम्ही."

"सोड की, मंदार."

"बरं, रेघ नको. अदलाबदल करू. लाइनवर करतो तसंच. तुमची रायफल मी मारतो. छर्रे भटकले तर दोष रायफलीत. नाही भटकले तर…"

वाक्य त्यानं सहज सुरू केलं होतं. ते कुठे जाऊन पोचतं, हे त्याला आत्ता दिसलं.

"बोल की," जयंती म्हणाली. "नाही भटकले तर?"

"तर काही नाही."

"तर दोष माणसांत. नव्या पोरांस आपणच शिकवतों नं."

तिनं कप बशीत ठेवला. बशी वाजली, आणि कप सोडेपर्यंत वाजतच राहिली. बाहेर मशीनचा एवढा गोंगाट होता की ते कुणाला ऐकू जायला नको होतं. पण मंदार बशीकडेच बघत होता.

"किती दिवस झाले, अक्का?"

"अप्पांस होतं," तिनं भलतंच उत्तर दिलं. मग ओढणीत हात गुंडाळून म्हणाली, "घरी सांगूं नको. यांचा फोन आला, विचारपूस केली, तरी नाही."

"नाही सांगत. पण रविवारी मी मारणार तुमची रायफल."

ती उठली. "मार," म्हणाली.

रविवारी शेडचा पत्रा सकाळीच तापला होता. जयंतीनं कारखान्यातून आणलेल्या पिवळ्या पेननं जुन्या माउंटवरून रेलवर रेघ ओढली आणि रायफल मंदारला दिली. स्वतः त्याच्या मागे उभी राहिली, डावा हात काखेत दाबून.

मंदार चांगला नेमबाज होता. त्याची कोपरं शांत असायची. पहिला छर्रा सुटला. कागद तिला नीट दिसत नव्हता, आणि दिसू नये असंच वाटत होतं. दुसरा सुटला. आपण काय मागतोय, हे तिच्या लक्षात आलं. याचा नेम चुकू दे, असं ती देवाला विनवत होती. या शांत कोपरांच्या भल्या पोराचा प्रत्येक छर्रा वाया जाऊ दे.

शेवटच्या छर्‍यानंतर कार्तिकेयनं दोरी ओढली. कागद डुलत जवळ आला. भोकं गोवर आल्यासारखी कागदभर पसरली होती.

जयंती रायफलीवर वाकली. पिवळी रेघ दोन तुकड्यांत. वरचा तुकडा मागे सरकलेला.

"मंदार," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, "किती वाईट मारतोस रे तूं."

"इतक्या आनंदानं मला आजवर कुणी शिव्या दिल्या नाहीत."

"काळ्या ठिपक्याजवळ एकही नाही. शरम नाही वाटत?"

"वाटते. जेवताना जास्त वाटेल. आज जेवण तुमच्याकडून."

ती कपाटाशी गेली. पहिला माउंट उचलला आणि कार्तिकेयपुढे ठेवला. "हा."

"पातं घालून बघायचं नाही?"

"नको."

"तीन रविवार मला घाम फोडलात, मेडम. आज न बघता?"

"चांगला आहे तो. पहिल्यापासून ठाऊक होतं."

माउंट बसवताना ती गाणं गुणगुणत होती. पिन भोकात अडकली आहे हे पाहिलं. कड्यांचे स्क्रू एकेक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, म्हणजे नळीवर एकीकडूनच दाब येऊ नये. नवी रेघ ओढली. रंग वाळेपर्यंत तिनं कार्तिकेयच्या डब्यातला लिंबूभात खाल्ला आणि पुढच्या रविवारी कोण कोण येणार याची चौकशी केली. काही वेळ तिला डावा हात आहे हे आठवलंही नाही.

मग ती रेषेवर उभी राहिली, रायफल डाव्या तळहातावर तोलली आणि स्कोपमध्ये डोळा घातला.

स्कोपमधली फुली कुणाचीच जागेवर राहत नाही. उभं राहून मारताना ती ठिपक्याभोवती भटकते, आणि ती ठिपक्यावर येते तेवढ्यात घोडा ओढायचा असतो. जयंतीची फुलीही भटकत आली. ठिपक्यावर थांबली. आणि तिथे उभ्या उभ्या ठेका धरून हलू लागली. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. तिनं श्वास सोडला, अर्धा आत घेतला, रोखला. ठेका बदलला नाही. जुन्या माउंटमध्ये सगळंच एवढं हलत होतं की त्यात हे मिसळून गेलं असावं. नवा माउंट घट्ट होता, स्वच्छ होता. त्यानं एवढंच दाखवलं.

तिनं घोडा ओढला. पुन्हा छर्रा भरला, पुन्हा ओढला. पाच झाल्यावर रायफल खाली ठेवली.

कागद आला. तीन छर्रे एकमेकांजवळ होते. दोन कागदाच्या कडेला.

"पहिल्यापेक्षा कितीतरी बरं," मंदार म्हणाला. "माउंट अजून बसायचाय."

"रेघ पाहा."

"हात दमला असेल, अक्का. उन्हाचं…"

"रेघ पाहा म्हटलें मी."

तो वाकला. नको तेवढा वेळ वाकून राहिला.

"तुटली?"

"नाही."

"खोटं बोलतां आलं असतं तुज."

"तुम्ही परत तपासलं असतं."

ती बाकावर बसली. तोही बसला. समोर कुणी दुसरं मारत होतं; ठप्प, ठप्प, आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता.

"मंदार, तुझी फुली कशी हलते?"

"कशी म्हणजे? हलते. सगळ्यांचीच हलते."

"तसं नाही. कशी, ते सांग."

त्यानं विचार केला. "आळशासारखी. आठचा आकडा काढल्यासारखी. इकडे जाते, मग तिकडे. कधी नीट सांगता येत नाही."

"माझी एकाच जागी," ती म्हणाली आणि हवेत बोट धरून दाखवलं. "टिक, टिक, टिक. मी सांगितलं तरी थांबत नाही. डोळा घालतें नि ती माझ्याआधी येऊन बसलेली असते. मज फार भय वाटतें, मंदार."

मंदारनं पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

तिनं फोन काढला. वेंकटचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज भांड्यांच्या खडखडाटातून आला.

"काय गं? संपलं मारून?"

"अहो, उद्या रजा काढाल?"

"कां? पडलीस का कुठं?"

"नाही. हात दाखवायचा आहे. डॉक्टरास."

तिकडे नळ बंद झाला.

"कुठला?"

"डावा."

अप्पांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना रसमभात वेंकटच भरवायचा, कारण मुलीच्या हातून खायला अप्पांना लाज वाटायची. फोनवर भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नेम चुकला म्हणून म्हणतेस," तो म्हणाला. "नेम काय, कुणाचाही चुकतो. ते माउंट का काय ते बदलायचं होतंस नं?"

"बदललें. चांगला घेतला."

"मग?"

"म्हणून तर."

मग किल्ल्यांचा आवाज. "तिथंच बैस. मी येतों."

"मंदार सोडेल मज."

"मी येतों म्हटलें."

फोन बंद झाला. कपाटामागून कार्तिकेयनं हाक मारली, "मेडम, नाव पक्कं करू ना आता?"

"उद्या सांगते," ती तमिळमध्ये म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बरा आला. मग मंदारला म्हणाली, "तूं जा. जेव कुठंतरी. यांस यायला वेळ लागेल."

"भूक नाही," मंदार म्हणाला आणि बाकावर तिच्या डाव्या बाजूला सरकून बसला.