पिझ्झाच्या भट्टीचं धुराडं

समोर काहीही तापत असलं की शेजारचे आजोबा उजवा हात उपडा करून त्याच्याजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “अजून न्हाय. थांबा.” चहाचं आधण असो, माझ्या बायकोची इस्त्री असो, निकाल एकच. एकदा मी ऑफिसला निघालो होतो, तर त्यांनी माझ्या स्कूटरच्या इंजिनाजवळ हात धरला. “अजून न्हाय. थांबा, पावणं.” उशीर झालेला असूनही मी थांबलो. का थांबलो, ते मला आजही सांगता यायचं नाही.

ते आमचे शेजारी, मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. इतकी वर्षं शेजारी राहूनही त्यांच्या लेखी मी पावणाच. मुरगूडकडे त्यांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत आटायचा आणि खाली चुलवाणात जाळ ढणाढणा पेटलेला असायचा. बाकी कामं कुणीही करो, चुलवाणाला जाळ घालायचं काम त्यांनी दुसऱ्याच्या हाती कधी दिलं नाही. पुढे माणसं मिळेनाशी झाली, गुऱ्हाळ बंद पडलं आणि मुलाने त्यांना कोल्हापुरात आणलं. “आता आराम करा,” मुलगा म्हणाला. बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, पण यांना ते शिवीसारखं लागलं. गॅसच्या शेगडीकडे बघून मला म्हणायचे, “ह्यो काय जाळ हाय व्हय? कान पिळला की गप्प!”

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. हातात काम नसलं की तो दुसऱ्याच्या कामात हात घालतो. यांनी आमच्या अख्ख्या गल्लीच्या कामात घातला होता.

त्यांची सून चंदगडकडची. घरून केक करून विकायची. तिच्या मनात आलं की मागच्या अंगणात विटांची भट्टी बांधावी आणि दर रविवारी लाकडावर भाजलेले पिझ्झे करावेत. मुलगा म्हणाला, मिस्त्री बोलावू. झालं, सासरे ताडकन उठले.

“जाळाचं काम हाय न्हवं? मग ते माझं. मिस्त्री कशाला मरायला?”

दुसऱ्या दिवसापासून अंगणात माती, वाळू, भट्टीच्या विटा यांचा नुसता धुरळा. ओल्या वाळूचा ढीग थापून त्यावर त्यांनी विटांचा घुमट रचला. वरून लिंपायच्या मातीत चिवटपणा यावा म्हणून चांगली घागरभर काकवी ओतली. पाक बघून मुंग्या येणार नाहीत तर काय! गल्लीतल्या सगळ्या मुंग्या आमच्या भिंतीवरून रांगेने तिकडे चालल्या. मी तक्रार केली तर म्हणाले, “खाऊ द्या की. वास्तुशांतीचं जेवान हाय त्यांचं.”

सून मोबाइलवर उंच टोपीतल्या आचाऱ्याचा व्हिडिओ दाखवायची. “मामा, हे बघा, धुराडं पुढं हाय, तोंडापाशी.” ते बघायचेसुद्धा नाहीत. “त्यो टोपीवाला मला जाळ शिकवणार? धुराडं मागंच असतंय.” आणि त्यांनी ते मागेच बांधलं, चांगलं उंच, गुऱ्हाळासारखं.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे ताटल्या घेऊन हजर. जाळ असा सुरेख ओढ घेत होता की धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या. यांची छाती फुगलेली. फक्त पिझ्झा भाजेना. वरचं चीज पांढरंफटक, खालची कणीक ओली, आणि सगळी धग धुराड्यातून वर आभाळात. शेवटी सुनेने घाईघाईने पोहे केले. मुलगा हात धुता धुता म्हणाला, “पाडून टाकू ते. गाडी लावायला जागा तरी होईल.”

त्यानंतर ते अंगणात फिरकले नाहीत. चहाच्या आधणाजवळही हात धरेनात आणि खरं सांगतो, मला ते सोसेना. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा त्यांना काळाला बोल लावता आला होता. ही भट्टी मात्र त्यांच्याच हातची होती. एका संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून भिंतीपलीकडून त्यांनी हळूच विचारलं, “जाळ इसरलो की काय वो मी, पावणं?”

उत्तर सुनेने दिलं. ती चहा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली. “मामा, चुलवाणावर काहील असती. जाळ तिच्या बुडाखालनं पळवत धुराड्याकडं न्यायचा, बरोबर? हितं काहील कुठं हाय? हितं पिझ्झा जाळाच्या शेजारी बसतोय. जाळच पळून गेला तर त्याला धग कोण देणार?”

त्यांनी उठून भट्टीच्या तोंडातून आत डोकावलं. “म्हंजी ह्यो जाळ पळवायचा न्हाय. घरात बसवायचा.”

“व्हय.”

“माझ्यावानी.”

“बसवायचा, मामा,” ती म्हणाली, “पर पेटता.”

ते असे मोठ्याने हसले की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. सकाळी सासरे-सून दोघे पहारी घेऊन मागचं धुराडं उतरवत होते. नवं धुराडं तोंडापाशी आलं, मागची भिंत बंद झाली. जाळ घुमटाला लागून वळायचा आणि परत पुढे यायचा. पुढच्या रविवारी पिझ्झा बघता बघता फुगला, कडेला काळे ठिपके पडले. मुलाने तीन तुकडे खाल्ले आणि गाडीचं नाव काढलं नाही.

मग रविवार त्यांचे झाले. समोरच्या जैन काकू कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून कांदा बाहेर काढायच्या आधी त्यांचा पिझ्झा भट्टीत जायचा. “पयला घाणा तुमचा, बाई. मग बाकीचा बाजार.” स्वतः मात्र एक घास खाऊन म्हणायचे, “भाकरीवर भाजी सांडलीया.” आणि उरलेल्या धगीत स्वतःसाठी रताळी भाजायचे. आम्ही कितीही घाई केली तरी उपडा हात भट्टीच्या तोंडाशी गेल्याशिवाय काही आत जायचं नाही. “अजून न्हाय. थांबा.”

शेवटच्या आजारपणात त्यांची खुर्ची मागच्या दारात ठेवलेली असायची. सून भट्टीपासूनच ओरडून विचारायची, “मामा, धग आली का?” आणि ते एवढ्या लांबून, शाल बाजूला करून, हात उपडा धरायचे. तेवढ्या अंतरावर काय धग लागणार होती! पण त्यांनी मान हलवल्याशिवाय तिने एकही पिझ्झा आत ढकलला नाही.

ते गेल्यावर बरेच रविवार भट्टी थंड होती. मग एका संध्याकाळी सुनेने लाकडं पेटवली. आम्ही पूर्वीसारखेच ताटल्या घेऊन जमलो. भट्टी चांगली तापली होती, मला उभ्या जागी धग लागत होती. सून पिझ्झा घेऊन तोंडाशी आली आणि सवयीने तिने मागच्या दाराकडे वळून बघितलं.

तेवढ्यात मुलगा पुढे झाला. त्याने उजवा हात उपडा केला, भट्टीच्या तोंडाशी धरला आणि डोळे मिटले.

“अजून न्हाय,” तो म्हणाला. “थांबा.”

आम्ही सगळे थांबलो.