भांड्याच्या दुकानातला शिरा

आमच्या घरातला गॅस गेला तो पोदेरामुळे.

पेडण्यात आमच्या वाड्यावर अजून रोज सकाळी पाव घेऊन पोदेर येतो. सायकलचा भोंगा वाजवतो, आम्ही पिशवी घेऊन दारात जातो. त्या दिवशी भोंगा वाजला आणि पाठोपाठ त्याचं ओरडणं ऐकू आलं. "बाय, गॅस! गॅसाचो वास मारता!"

मी शाळेत जायच्या गडबडीत न्हाणीघरात होते. निथळत्या केसांनीच बाहेर धावले. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, देवाच्या खोलीत होत्या. एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात काड्यापेटी. मी काही बोलायच्या आत पोदेर चपलांसकट आत शिरला आणि त्याने त्यांच्या हातातली पेटी हिसकावून घेतली. मग आम्ही दोघांनी भराभरा खिडक्यांची सगळी जनेलं उघडली. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस नुसता वाहत होता, तो मी बंद केला.

आई चपलांकडे बघत होत्या. "देवाच्या कुडीत वाणो घालून?" एवढंच म्हणाल्या. मग माझा चेहरा बघितला आणि खाली बसल्या.

आदल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर वास थोडा कमी येतो असं त्या सांगायच्या. थोडा कमी म्हणजे अजिबात नाही, हे आम्हाला त्या सकाळी कळलं. चार दशकं त्या घराचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईने फोडणीचा वास येत नाही हे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. मीठ-तिखटाचा अंदाज हाताने घेत होत्या, आणि आम्ही नेहमीसारखे बोटं चाटत जेवत होतो.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी म्हापशाहून येताना इंडक्शनची शेगडी आणली. आईंनी तिच्यावर आपला रोजचा अॅल्युमिनियमचा टोप ठेवला. शेगडी पीं पीं करायला लागली. तांब्याची तपेली ठेवली, पीं पीं. पितळेची ठेवली, तेच. माशाच्या हुमणाचं मातीचं कुंडलं ठेवलं तेव्हा तर मीच हसले.

"हिका माझां एकय भांडां पसंत नाय," आई म्हणाल्या. "सून म्हणान इली आनी पयल्याच दिसा नाकां मुरडता."

"मीपण आले तेव्हा मुरडलं होतं ना?"

"तुवें निदान तोंडार दाखयलां नाय."

तोवर सगळी गंमतच होती. नवऱ्याने फोनवर बघून भांड्यांचा एक संच मागवला. काळं गुळगुळीत लेपाचं, रंगीत झाकणांचं, हातात कागदासारखं हलकं. खाली एक स्टीलची चकती चिकटवलेली, तेवढ्यावर त्याला इंडक्शनचं म्हणायचं. पंधरा दिवसांत त्याचा तळ फुगला. आई कुलेराने डाळ ढवळायला लागल्या की टोप शेगडीवर भोवऱ्यासारखा फिरायचा. एका हाताने कान धरायचा, दुसऱ्याने ढवळायचं. चुकार मुलाला धरून मी शाळेत पाढे म्हणवून घेते, अगदी तसं.

फिरण्याचं हसू आलं, पण करपण्याचं आलं नाही. फुगलेल्या तळामुळे मधोमध लागायचं. एरवी लागायला लागल्याचा वास येतो आणि बाईमाणूस धावत जाऊन उतरवते. आईंना तो वास येईना. एका रविवारी उकड्या तांदळाची पेज लागली, आईंनी तशीच वाढली. नवरा लोणचं मागून घेऊन जेवला. मीही जेवले. आईंनी आमच्या पानांकडे बघितलं, झाकण काढून टोपाचा तळ बघितला आणि पदराला हात पुसले.

"आतां तूच कर गो," त्या मला म्हणाल्या.

पुढचे आठ-दहा दिवस त्या स्वयंपाकघरात आल्या त्या फक्त पाणी प्यायला. मी पहाटे उठून डबे करत होते, त्याचं मला काही नव्हतं. पण शाळेतून आल्यावर त्या व्हरांड्यात रिकाम्या हातांनी बसलेल्या दिसत, ते बघवत नव्हतं.

माझं माहेर कारापूरचं. शनिवारी शाळा लवकर सुटते, तर आईंना म्हटलं, चला, वहिनीला भेटून येऊ. वाटेत डिचोलीच्या बाजारात उतरू, तिथे एक जुनं भांड्यांचं दुकान आहे. आई आधी नको म्हणाल्या. मग डिचोलीला आपण लग्नाआधी एकदाच गेलो होतो असं काहीतरी आठवलं, आणि लुगडं बदलून तयार झाल्या. मी फ्रीजवरचं चुंबक काढून पर्समध्ये टाकलं. फूटपट्टी तिथे असतेच.

दुकानदार साठीच्या पुढचा, चष्मा कपाळावर चढवलेला. आईंना त्याने स्टूल दिलं.

"आक्का, इंडक्शनाचां म्हणता तें सगळां इंडक्शनाचां नसता," तो म्हणाला. त्याने माझं चुंबक मागून घेतलं आणि एका स्टीलच्या टोपाच्या बाहेरून लावलं. चुंबक खाली पडलं. दुसऱ्याला लावलं, घट्ट बसलं. "चिकटलां म्हणजे तापतलां. पण बरां तापतलां की वायट, तां हो चुंबक सांगूचो नाय."

मी फूटपट्टी काढून एकेका टोपाच्या तळावर आडवी धरली. काहींवर पट्टीखाली उजेडाची फट दिसायची. जिथे फट दिसली ते भांडं मी बाजूला सारलं. आमचा भोवरा असाच असणार, हे मला आता समजलं. दुकानदाराला मजा वाटली. "बाई शिक्षिका काय?" त्याने विचारलं.

आईंची तपासणी वेगळीच चालली होती. त्या टोप उचलायच्या, वजन घ्यायच्या, कानाशी नेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारायच्या. पातळ भांडं बराच वेळ किणकिणायचं. एक जाड भांडं नुसतं ठप्प वाजलं. तिथे त्या थांबल्या.

"ह्यात कितां आसा?"

"आत स्टील, भायर स्टील, मदीं अॅल्युमिनियम. पावाच्या मदीं भाजी भरतांव तशां. तळाकच न्हय, वयर काठापर्यंत."

"आनी ह्या दुसऱ्याक?"

"हाचो फकत तळ जाड. बाजू पातळ."

आईंनी तिसरं एक साधं पातळ स्टीलचं उचललं, तिन्ही रांगेत मांडली. मग मला म्हणाल्या, "पलीकडच्या दुकानांतल्यान पाव किलो रवो हाड."

मला वाटलं घरी न्यायचा असेल. मी रवा घेऊन आले, तोवर त्यांनी दुकानदाराला गिऱ्हाइकांना दाखवायची त्याची शेगडी चालू करायला लावली होती. "आतां नाकान कळणां नाय," त्या म्हणाल्या, "तर दोळ्यांनी बघतंय." पातळ टोपात एक मूठ रवा पसरला, आच बारीक ठेवली आणि अजिबात हलवला नाही. थोड्या वेळात रव्यावर तपकिरी कडं उमटलं, आतून पांढरं, बाहेरून पांढरं. गोल, अगदी बांगडीसारखं. जाड तळाच्या टोपात मधला रवा छान झाला आणि कडेचा कच्चाच राहिला. तिसऱ्यात, ठप्प वाजणाऱ्यात, रवा सगळीकडून एकसारखा बदामी झाला.

एव्हाना दुकानात गर्दी जमली होती. झाडू घ्यायला आलेल्या दोन बायका झाडू हातात धरून उभ्या होत्या. एक बसचा ड्रायव्हर डबा घ्यायला आला होता, तो म्हणाला, "मावशे, माकाय असोच जाय."

दुकानदाराने चष्मा नाकावर घेतला आणि तिन्ही टोपांत वाकून बघितलं. "इतकीं वर्सां विकतंय," तो म्हणाला, "पण अशां कोणें पळोवंक नाय."

"आतां हो रवो इतको भाजलो तो वाया घालोवचो?" आईंनी विचारलं.

दुकानदाराने लगेच शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. साखर आली, उकळतं पाणी आलं, दूध आलं. दुकानदाराच्या स्वतःच्या घरी न्यायची तुपाची बरणी पिशवीत होती, ती त्याने उघडली. करपलेलं कडं आईंनी बाजूला काढलं, बाकीचा रवा त्या ठप्प वाजणाऱ्या थोरल्या टोपात एकत्र केला, तूप घातलं आणि परतायला लागल्या. टोप जागचा हलला नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. आठ-दहा दिवस रिकामे असलेले हात.

पाणी घातल्यावर चर्र झालं आणि वाफ वर आली. आई मान पुढे करून उभ्या राहिल्या. मग हळूच माझ्याकडे बघून विचारलं, "वास येता मगे?"

मी सांगायला तोंड उघडलं. माझ्या आधी झाडूवाली बाईच म्हणाली, "येता म्हणजे! सत्यनारायणाच्या प्रसादासारखो!" ड्रायव्हर म्हणाला, वास बाहेर रस्त्यापर्यंत आला असणार. दुकानदार म्हणाला, तुपाचो पयलो, मागीर भाजल्या रव्याचो. आई प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होत्या, डॉक्टर नाडी बघून सांगतो ते ऐकावं तसं. मग मानेनेच बरं म्हणून झाकण ठेवलं.

सगळ्यांनी कागदावर शिरा खाल्ला. ड्रायव्हरने दोनदा मागितला. आम्ही तो थोरला टोप घेतला, त्याच जातीची एक लहान कढई घेतली, आणि घेताना आईंनी कानांचे रिबीट नखाने एकेक करून तपासले. "डाग दिल्ले कान तुटतत," म्हणाल्या, म्हणजे झाळून चिकटवलेले. संचात सहा भांडी असतात म्हणून दुकानदाराने विचारलं, तर म्हणाल्या, दोन बरीं आसलीं की पुरे. वहिनीकडे पोचायला आम्हाला उशीर झाला, पण तिच्याकडे चहा पिता पिता ही सगळी गोष्ट आईंनीच सांगितली. ड्रायव्हरने शिरा तीनदा मागितला, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. पेज शिजत होती. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं होतं आणि कान टोपाकडे. पेज शिजत आली की उकळीचा आवाज जड होतो, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. मला ते तोवर कधीच ऐकू आलं नव्हतं.

मग गणपतीची चवथ आली. घरात पंचवीस माणसं, खतखतं शिजत घातलेलं, त्यात सगळ्या भाज्या, तिरफळं, सगळं पडलेलं, आणि वीज गेली. आमच्याकडे चवथीला वीज जाणं हे काही नवल नाही. नवऱ्याने फोन लावला, तिकडून दोन तास सांगितले. मी कपाळाला हात लावला.

आईंनी पदर खोचला, टोप कानांना धरून उचलला आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. मागे आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे, ती पेटलेलीच होती.

"आई, नको! नवा टोप आहे!" मी मागोमाग धावले.

"पावाक भट्टी लागता, भाजयेक कित्याक नाका?" असं म्हणून त्यांनी टोप धगधगत्या लाकडांवर ठेवून दिला. "इतको जाड टोप घेतलो तो शोकेसीत ठेवक?"

खतखतं उत्तम झालं. टोप बाहेरून काळाकुट्ट झाला. जेवणं आटोपल्यावर मी आणि माझी नणंद विहिरीवर बसून तो काथ्याने आणि राखेने घासत होतो. मी फूटपट्टी आणून तळावर धरली, खाली फट नव्हती. आई वरून बघत होत्या. "पुरे गो," म्हणाल्या, "मागल्यान थोडो काळो ऱ्हवंदे. म्हणजे शेजारीण मागूची नाय."