एरोजेलला हळदीकुंकू

मानपाड्याच्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं मी एकच वस्तू करत होते, एरोजेल. कार्बन आणि लाकडाच्या तंतूंचा लगदा गोठवायचा आणि त्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून उडवायचा. उरतो तो काळा, पोकळ, फुंकर मारली तर सरकेल असा तुकडा. मोबाइलच्या, मशीनच्या लहरी तो अडवतो. धड निघालेला तुकडा एकच होता, पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून लावायचा. खंडेनवमीला ठाण्याहून गिऱ्हाईक बघायला येणार होतं. पसंत पडला नाही तर आमचा विभाग बंद आणि मी घरी.

सकाळी मशीनची पूजा मांडलेली. साहेब म्हणाले, "तुकडा पण ठेवा मॅडम. आपलं शस्त्रच ते."

"सर, त्याला पाणी चालत नाही. बसेल तो."

"अहो, गंगेचं पाणी आहे!"

घ्या, कप्पाळ! त्या दीडशहाण्याने पळीभर पाणी, वर हळदकुंकू, वर झेंडू, असं सगळं साग्रसंगीत केलं. तुकडा मधोमध खचला, भिजलेल्या पापडासारखा. दोन वर्षं माझी! असा संताप आला की नारळ देवापुढे फोडावा की याच्या डोक्यात, ते ठरेना.

साहेब मात्र शांत. "मॅडम, तुम्ही पोळ्या फॉइलमध्येच आणता ना?"

माझ्या डब्यातलं फॉइल त्यांनी खोक्याला आतून चिकटवलं, वर तो मेलेला तुकडा दडपला. गिऱ्हाईक म्हणून तिघे आले. एकाने आपला मोबाइल आत ठेवला, झाकण लावलं, दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. लागेचना. आत ॲल्युमिनियम असल्यावर लागणार कशी? पण सुटाबुटातली ती तिन्ही बावळट माणसं खोका हातात तोलून म्हणतात, "वा! काय हलकं आहे!"

"कोणी केलं?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. फॉइल उचकटून साहेबांच्या तोंडावर मारावं असं वाटलं.

"मी," म्हणाले मी. वर हसलेसुद्धा. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

नोकरी राहिली. दुपारी उघड्या पडून वातड झालेल्या पोळ्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घालत खाल्ल्या. दोन घासांनंतर त्या शिव्या नक्की कोणाला चालल्यात, ते मलाच कळेना.