तोट्यात धरून ठेवलेला सौदा

शेलूबाजारात हायवेला लागून देवेंद्रकुमार शेठजींची धान्याची अडत होती, तेव्हा त्यांच्याशी बोलायला नंबर लावावा लागायचा. आता त्यांच्याकडे येणारा मी एकटा. मी माणिकराव, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही, आणि शेठजींना ऐकून घेण्याशिवाय दुसरं काम उरलेलं नाही.

अडत विकली आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी जतनबाई गेल्या. एकुलता एक मुलगा पियूष पुण्यात नोकरीला. बाप रिकामा बसून कुढेल म्हणून एका दिवाळीत त्याने कंप्युटर आणून दिला, खातं उघडलं आणि चांदीचे, निफ्टीचे सौदे शिकवले. शिकवलं तेही सोपं. पडद्यावर भाव, आणि सोबत मागच्या वीस दिवसांच्या सरासरीची एक निळी रेघ. भाव रेघेच्या वर गेला की घ्यायचं. खाली बंद झाला की दुसऱ्या सकाळी विकून मोकळं व्हायचं. सौद्यात जीव अडकवायचा नाही.

जन्मभर दाताखाली दाणा फोडून सोयाबीनचा भाव सांगितलेला हा माणूस. त्याला हा पोरखेळ वाटायला हवा होता. पण शेठजी शाळेतल्या पोरासारखे शिकले. मला वाटलं, अडत्याला भावाशिवाय करमत नाही, दुसरं काय! खरं कारण वेगळं होतं. रोज संध्याकाळी पियूषचा फोन यायचा, "पप्पा, आज काय केलं?" मग बापलेक अर्धा अर्धा तास चांदीवर बोलायचे.

पण शेठजी जरा जास्तच चांगले शिकले. चुका होईनात, तसे फोन कमी झाले. "आता तुम्हाला माझी गरजच नाही," असं पियूष कौतुकाने म्हणाला. शेठजींनी ते मला हसत सांगितलं आणि मग उगाच चष्मा पुसत बसले.

चांदीचा बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो, पण शेठजी जैन, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत; त्याआधीच पडदा बंद करून जेवून घेतात. जतनबाई त्या वेळेला हाक मारायच्या. हाक गेली, वेळ राहिली.

मागच्या आठवड्यात चांदी निळ्या रेघेच्या खाली बंद झाली. सकाळी मी गेलो तर सौदा तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच, आणि तोट्याचा लाल आकडा फुगत चाललेला.

"शेठ, काढून कायले नाई टाकत? नेम इसरले काय?"

"नाई इसरलो."

"मंग?"

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तोटा वाढला का पियूषच्या मोबाइलवर मेसेज जाते. मंग रागावून का होईना, फोन करन."

"तुमीच लावा ना फोन."

"लावतो ना. तो मीटिंगमंदी असते."

एरवी मी शेठजींची टोपी उडवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही. मी घरी न जाता तिथेच बसून राहिलो.

उन्हं कलली. शेठजी खिचडीचं ताट घेऊन बसले. पाण्याच्या तांब्याशेजारी मोबाइल ठेवला. जेवताना मोबाइल जतनबाईंनी कधी खपवून घेतला नसता. एकेक घास ते इतका सावकाश खात होते की जेवण संपूच नये.

मोबाइल एकदाच टिंग वाजला. शेठजींनी उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हाताने तो माझ्यापुढे केला. मी वाचून दाखवलं. 'पप्पा, चांदीचा सौदा काढायचा राहिला होता. मी इथून काढला. आता सिस्टीमच लावून ठेवलीय, रेघ तुटली की सौदा आपोआप निघेल. तुम्हाला बघायची गरज नाही. काळजी नसावी.'

शेठजींचा हात ताटातच राहिला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, बरं केलं बेटा."

मी लिहिलं. तेवढ्यात दिवस मावळला. उरलेल्या खिचडीकडे न बघता त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि कंप्युटर बंद केला. मी चप्पल घालत होतो तेव्हा दारापर्यंत आले.

"माणिकराव, उद्या येता ना तुमी?"

मी रोजच जातो. त्यांनी हे आजवर कधी विचारलं नव्हतं.