स्कॅनच्या आधीचं टक्कल

आमच्या शेजारच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. वस्तू वरून धड दिसते म्हणजे आतूनही धड असेल, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सरकारी कारखान्यात जन्मभर त्यांनी एकच काम केलं. लोखंडाच्या भल्यामोठ्या ओतीव भागांत कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि आत कुठे तडा आहे ते शोधायचं. सापडला की खडूची फुली. मग मोठे साहेब येऊन हात का जोडेनात, माल बाद. निवृत्तीनंतर कारखान्याच्या टाउनशिपचे क्वार्टर सोडून आम्ही दोन्ही कुटुंबांनी बाग सेवनियात शेजारी शेजारी घरं घेतली, तरी त्यांची खोड काही गेली नाही. चहाला आले की आधी कपावर टिचकी. माझ्या माहेरच्या सेटमधला कप कानाशी धरून एकदा म्हणाले, "वहिनी, हा दिवाळी बघत नाही." मला असा राग आला म्हणून सांगू. आणि मेला गेलाच की तो दसऱ्याला.

काकूंचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. मूलबाळ नाही. त्यांची वेणीफणी, जेवण सगळं काकाच करायचे आणि शेवटी कपाळाला कुंकू लावायचे. मग काकांचाच हात कापायला लागला. मांडीवर ठेवला तर गप्प, काही करायला उचलला की थरथर. चहा बशीत, भात सदऱ्यावर, ते चाललं असतं. पण कुंकू कधी भुवईवर जायचं, कधी नाकावर. काकू विचारायच्या, "आज कुठपर्यंत आलंय?" काकांना त्यात हसू यायचं नाही. मी एकदा म्हटलं, मी लावत जाईन. तर म्हणाले, "ते माझं काम आहे," आणि दार लावून घेतलं.

पुढे कळलं की दूरच्या एका शहरात यावर उपचार आहे. कवटी न उघडता, बाहेरून आवाजाच्या लाटा मेंदूतल्या एका ठिपक्यावर एकवटतात आणि बिघडलेली जागा जाळतात. काका भलतेच खूश झाले. "आपलंच काम आहे, वहिनी. फक्त या खेपेला माल मी."

उपचाराच्या दिवशी डोकं भादरावं लागतं, केसांत हवा अडकली तर आवाज आत शिरत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. त्याआधी इथे एम. पी. नगरात कवटीचा नुसता स्कॅन काढून पाठवायचा होता. पण गंज खरवडल्याशिवाय तपासणी नाही, हा कारखान्याचा नियम काकांच्या हाडात मुरलेला. स्कॅनच्या सकाळीच चकोट करून आले. दूधवाल्याने ते टक्कल पाहिलं आणि घरोघर सांगत सुटला की आंटीजी गेल्या. निम्मी कॉलनी पडलेल्या चेहऱ्यांनी दारात जमली. आत काकू खुर्चीत, कुंकू नाकावर ओघळलेलं. "या, बसा," म्हणाल्या, "चहा मात्र तुम्हीच करून घ्या."

चार दिवसांनी उत्तर आलं. काकांच्या कवटीचं हाडच असं की आवाज त्यातच जिरतो, आत पुरेसा पोचत नाही. उपचार होणार नाही. आमचे हे फोनवर डॉक्टरांना विनवू लागले, एकदा लावून तर बघा. काकांनी फोन काढून घेतला. "जन्मभर कुणाचा बाद माल पुढे जाऊ दिला नाही मी. आता माझा कसा ढकलू?" त्या दिवशी ते आमच्याकडे चहा प्यायले, पण कपाला टिचकी मारली नाही. मला फार वाईट वाटलं.

नंतर काकूच डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरायला लागल्या. कुंकू बऱ्यापैकी जागेवर यायचं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मळवट भरायला आम्ही बायका पुढे झालो, तर काका म्हणाले, "आधी मी." या वेळी मनगट धरायला कोणी नव्हतं. कुंकू भुवईवरून कानशिलाकडे गेलं. एकजण पदराने पुसायला वाकली, तिचा हात मी धरला.

दुसऱ्या दिवशी काका पातेलं घेऊन दारात उभे होते. दूधवाल्याने टक्कल पाहिलं आणि हसून विचारलं, "क्या अंकल, फिर मशीन में जाना है?"

काका म्हणाले, "नहीं भैया, इस बार सच में गईं." हातातलं पातेलं थरथरत होतं. "कल से दूध आधा देना."