न बुजवायचं भोक

मामांच्या शंखाचं भोक मी बुजवलं. वरून बोट फिरवून ते गुळगुळीतही केलं. मग मान तिरकी करून, कारागिरानं स्वतःच्या कामाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मामा चष्मा पुसत खोलीत शिरले तेव्हा तळहात पुढे करून म्हणालो, "मामा, हा एक झाला. बाकीचे जेवण झाल्यावर भरतो."

मामांनी चष्मा लावला. माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं, अगदी शांतपणे, हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. तुझ्या लाडक्यानं दाढ भरली आहे."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पेशानं दातांचे डॉक्टर. आमच्या भागातल्या अख्ख्या पिढीच्या तोंडात मामांचं काम आहे. रस्त्यात कुणी जांभई दिली तरी मामा थबकतात, "वरची डावी टिकली आहे अजून" असं पुटपुटतात आणि समाधानानं पुढे जातात. घरात खालच्या मजल्यावर दवाखाना आणि वरच्या मजल्यावर संसार. मामी दोन्हीकडे. खाली ती मामांच्या हातात हत्यारं द्यायची आणि वर त्यांच्या हातातली काढून घ्यायची.

दवाखाना बंद होऊन आता बरेच दिवस झाले. मामांचा उजवा हात थरथरतो. कप बशीत ठेवताना असा किणकिणतो की बाहेरच्या खोलीत बसलेला पाहुणा दार उघडायला उठतो. ही थरथर पहिल्यांदा लक्षात आली त्याच संध्याकाळी मामांनी स्वतः स्टुलावर चढून पाटी उतरवली. लोकांनी परोपरीनं समजावलं. समोरच्या फुटपाथवरचे दुसरे दातांचे डॉक्टर, ज्यांचं नि मामांचं आयुष्यभर विळ्याभोपळ्याचं नातं, ते देखील रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "अहो, सोपी कामं घ्या. लहानसहान दात भरायला एवढा हात पुष्कळ झाला." मामा "बघू" म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आले. पुढे कुणीही हा विषय काढला की मामांना कमी ऐकू यायला लागायचं.

मग त्या रिकाम्या हातांना शंख सापडले. बंदरावरचा एक बोटवाला मामांचा जुना रोगी. जाळ्यात, दगडांना चिकटून जे काही वर येई ते तो फेकून द्यायचा. एकदा कवळी घट्ट बसल्याच्या खुशीत त्यानं ते सगळं मामांना आणून दिलं. त्यात होते हे भोकवाले. पुस्तकात त्यांना कीहोल लिंपेट म्हणतात. खडकाला चिकटून बसणाऱ्या एका जातीच्या गोगलगाईचं हे घर: पिळाबिळाच्या भानगडीत न पडता सरळ टोपीसारखं उभारलेलं, आणि टोपीच्या शेंड्याला एक भोक. किल्ली घालावी तसं.

"शिंपल्याला भोक का असतं मामा?" असं मी पूर्वी एकदा विचारलं होतं.

"शिंपला नव्हे, शंख. शिंपला दोन फळ्यांचा असतो. आणि भोक असतं कारण त्याला तुझ्यापेक्षा स्वच्छतेची चाड आहे. पाणी पुढून, डोक्यावरून आत घ्यायचं, श्वास घ्यायचा, आणि वापरलेलं पाणी घाणीसकट वरच्या भोकातून बाहेर. स्वतःच्या तोंडासमोर मोरी नको म्हणून छपराला काढली."

हे मला नंतर आठवलं. त्या सकाळी मामांच्या सांगण्यातलं काहीच डोक्यात राहिलं नव्हतं. त्यात माझा दोष थोडा कमी आहे. लहानपणापासून मी मामांचं बोलणं तोंड वासून, खुर्चीत आडवा पडून ऐकलेलं. काही न कळता "अं, अं" करायची सवय हाडांत मुरली आहे.

म्हणून त्या सकाळी, मामांनी मला "नुसती धूळ पूस आणि कापसावर मांड" असं सांगून अंघोळीला जावं, आणि मी त्या इवल्याशा शंखाला पडलेलं भोक पाहून हळहळावं, आणि कपाटात दात भरायच्या सिमेंटची बाटली समोरच दिसावी, हे सगळं ओघानंच झालं. कुणीतरी टोकदार वस्तूनं शेंड्यापाशी टोचलं असावं असं ते भोक होतं. सुरुवात मी सर्वांत लहान शंखापासून केली. शिकाऊ माणसानं लहान कामापासून सुरुवात करावी असं मामाच म्हणतात.

मामी पदराला हात पुसत आली. तिनं शंख पाहिला, मला पाहिलं.

"कुठला?"

"पडदेवाला," मामा म्हणाले.

मामी मटकन बसली. तेव्हा कुठे मला कळलं की प्रकरण जड आहे.

पुढचं सगळं मला त्या दोघांनी मिळून, एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं. दुपारी संग्रहालयातल्या बाई येणार होत्या. नव्या दालनात त्यांनी एक काचेचं कपाट मोकळं ठेवलं होतं, मामांच्या भोकवाल्यांसाठी. पण बाईंची अट एकच: ओळ सलग हवी. मध्येच एखादा गायब असेल तर कपाट दुसऱ्या कुणाला.

ओळ म्हणजे काय, ते टेबलावर मांडलेलंच होतं. मामांनी या सगळ्या खानदानाला भोक कुठे आहे त्यावरून बसवलं होतं. पहिला शंख घ्या: त्याला भोक नाहीच, पुढच्या कडेला नुसती चीर. दुसऱ्यात ती चीर कडेपासून सुटून उताराच्या मध्यावर आलेली. तिसऱ्यात ती शेंड्याच्या अगदी तोंडाशी. आणि चौथ्यापासून पुढे सगळे खास भोकवाले: थेट शेंड्यावर भोक, शेंडाच गिळून टाकलेला. यांची पोरं लहानपणी चीर घेऊनच निघतात म्हणे. शंख मोठा होतो तशी चिरेखालची बाजू बुजते आणि भोक वर सरकत जातं. एकेका पोरानं जे काही दिवसांत करून दाखवावं, ते मामांनी टेबलावर ओळीनं मांडून ठेवलं होतं.

खास भोकवाल्यांतही भाऊबंदकी आहेच. ती बाहेरून दिसत नाही. बाहेर सगळ्यांनाच उभ्या-आडव्या रेघा, जाळी विणल्यासारख्या. शंख उलटा केला की कळतं. आत घोड्याच्या नालासारखा स्नायूचा ठसा असतो, त्याचं उघडं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला गोगलगाईचं डोकं. आणि भोकाभोवती चुन्याची एक कड. एका घराण्यात ती सगळीकडून गोल, दुसऱ्यात मागच्या बाजूनं सरळ कापल्यासारखी. मामा हे दाताचा छोटा आरसा आत घालून बघत. "आ कर" असंही म्हणत, सवयीनं.

आणि मी जो भरला तो होता तिसरा. त्याच्या आत, भोकाच्या मागे, कागदापेक्षा पातळ चुन्याचा एक पडदा असतो. तो पडदा हीच त्याची ओळख. त्याच्या जातीचे मामांना बोटवाल्याकडून बरेच मिळाले होते, पण पडदे फुटलेले. शाबूत पडद्याचा हा एकच. आता तो माझ्या सिमेंटच्या आड होता.

"विरघळवता येईल का कशात?" मी धीर करून विचारलं.

"येईल की," मामा म्हणाले. "आम्लात टाक. आधी शंख विरघळेल, मग सिमेंट उरेल. ते दे बाईंना."

"ओळीत तेवढाच एक दात नाही, तर कवळी बसवा म्हणावं त्यांना," मी वातावरण हलकं करायला म्हणालो.

मामी म्हणाली, "तू गप्प बैस."

समोरच्या डॉक्टरांना बोलवावं, असं मी सुचवलं. त्यांचा हात स्थिर आहे. मामांनी मान हलवली. "त्याला पडदा कुठे आहे ते समजावीपर्यंत तो पडद्यातून आरपार जाईल." मग त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता, नेहमीसारखाच. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं उशिरा आलेल्या नोकराकडे पाहावं, आणि म्हणाले, "अगं, मेण काढ."

त्यानंतर त्या खोलीचा पुन्हा दवाखाना झाला. मामीनं कवळ्यांच्या मापाचं गुलाबी मेण दिव्यावर मऊ करून टेबलाच्या कडेला थापलं आणि शंख त्यात उलटा, आतली बाजू वर करून, असा दाबला की हलायची सोय राहिली नाही. कापडात गुंडाळलेली हत्यारं निघाली. मामांनी नुसता हात पुढे केला. मामीनं न विचारता त्यात सगळ्यांत बारीक टोकणी, दात टोचून बघायची सुई, ठेवली. मला बॅटरी धरायला दिली.

"उजेड हलतोय," मामा म्हणाले.

"भीतीनं हलतोय मामा."

"मग कोपर टेबलावर टेक. आम्ही तसंच करतो."

खरंच, तसंच करत होते. मामांनी अनामिका शंखाच्या कडेला मेणात रोवली, कोपर टेबलावर टेकलं. मामीनं शेजारी बसून त्यांचं मनगट दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं, लोणच्याची बरणी उघडताना धरतात तसं. थरथर गेली नाही, पण तिला जायला जागाच कमी उरली. शेवटी ती टोकणीच्या टोकाशी आली तेव्हा केसाएवढी होती, आणि मामा त्या केसावरच काम करत होते. टोक सिमेंटला लावायचं, एक कण उडवायचा, मागे घ्यायचं. पुन्हा.

एकदा हात निसटला. टोकणी शंखाच्या भिंतीवर 'टिक' करून आपटली.

मामांनी हात मागे घेतला. आरसा आत धरून पाहिलं. "ओरखडा," म्हणाले. "पडदा आहे." आणि मामीकडे वळून, "पाणी." मामीनं त्यांना पाणी पाजलं. रोग्याला द्यावं तसं माझ्याही हातात एक भांडं ठेवलं, "चूळ नको भरूस, पी."

मध्येच बाई आल्या. मामीनं जागेवरूनच त्यांना बाकाकडे बोट दाखवलं. बाई बिचाऱ्या बाकावर जाऊन बसल्या. दवाखान्याचा जुना बाक, आता वर आणून ठेवलेला. त्यावर बसलं की भल्याभल्यांचा आवाज बंद होतो. त्यांनी एक जुनं मासिकही उचललं आणि उलटं धरून वाचत राहिल्या. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

मग एका क्षणी सिमेंटचा शेवटचा तुकडा सुटला आणि भोकातून, खालच्या मेणाच्या गुलाबी रंगाचा एक ठिपका दिसला. मामांनी टोकणी खाली ठेवली. ती बशीत ठेवताना नेहमीसारखी किणकिणली. मामीनं मनगट सोडलं तेव्हा त्यावर तिच्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

बाईंनी शंख मेणातून हलकेच सोडवला, उजेडाकडे नेला, भिंग डोळ्याला लावलं. बाईंनी शंख उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"पडदा शाबूत आहे डॉक्टर. अगदी कडेपर्यंत." त्यांनी शंख ओळीत, दुसऱ्या नि चौथ्याच्या मध्ये ठेवला आणि एक पाऊल मागे सरून सगळी ओळ एकदम पाहिली. "कपाट तुमचं." मग पुन्हा वाकल्या. "भोकाच्या कडेला हे पांढरं काय राहिलं आहे?"

"ते भाच्याचं," मामा म्हणाले. "काढायला गेलो तर कड जाईल."

"राहू दे मग. चिठ्ठीवर लिहू, दुरुस्त केलेला नमुना."

अशा रीतीनं मीही संग्रहालयात गेलो. अजून आहे. भिंगातून दिसतो.

बाई पेट्या घेऊन गेल्या. मामी दिवा विझवून मेण पुन्हा गोळा करत बसली; तिची मान ताठ होती, आणि ती स्वतःशी गुणगुणत होती, हे मी फार वर्षांनी ऐकत होतो. मामा खुर्चीत टेकले होते. मांडीवरचा हात थरथरत होता, त्यांनी त्याला थरथरू दिलं. मी त्या हाताकडे बघत होतो. या हातानं आमच्या अख्ख्या गल्लीला चावायला शिकवलं आणि आज केसाएवढ्या जागेत, कागदाहून पातळ पडद्याला धक्का न लावता माझा मूर्खपणा उकरून काढला. लोक म्हणत होते ते खरंच होतं की. समोरचे डॉक्टरही तेच म्हणाले होते.

"मामा," मी म्हणालो, "हा हात तर अजून चालतो. एकदाच निसटला, तोही एवढासा. मग दवाखाना का बंद केलात?"

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"शंखाला दुखत नाही."